शाळेच्या आवारात शांतिस्तंभ उभारताना

जपानमधल्या मसाहिसा गोई यांनी १९५५ मध्ये 'पृथ्वीवर शांती नांदो' या अर्थाची एका ओळीची प्रार्थना मांडली. ती अनेक भाषांत लिहिलेले खांब, म्हणजेच शांतिस्तंभ, १९७६ पासून उभे राहू लागले आणि आज जगभर असे दोन लाखांहून अधिक स्तंभ आहेत. सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेला तो स्वतः उभारता येतो. खांब घडवणे सुताराला अवघड नाही. चुका होतात त्या अक्षरांत आणि पायाभरणीत.

चौकोनी खांबाला चार बाजू, म्हणजे चार भाषा. गावात काय बोलले जाते ते आधी पाहा. जत तालुक्यात कन्नड हवीच, मिरजेत उर्दू. विटा-आटपाडीकडची गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कितीतरी कुटुंबे तमिळनाडूत राहिलेली. तिथे एक बाजू तमिळला द्यावी, ती तपासून देणारी माणसेही गावातच भेटतात. एक बाजू जपानी ठेवली तर मूळ प्रार्थनेचा मान राहतो.

मोबाइलवरचे भाषांतर थेट कोरायला देऊ नका. त्या भाषेत शाळा शिकलेल्या दोघांकडून कागदावरची प्रत वेगवेगळी वाचून घ्या. फ्लेक्सच्या दुकानात जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की उर्दूची अक्षरे सुटी होऊन उलट क्रमाने बसतात, कन्नडची जोडाक्षरे फुटतात. आणि ऑपरेटरला ती लिपी येत नसेल तर चूक कुणालाच दिसत नाही. म्हणून अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी रेषांच्या आकारात बदलून, पीडीएफ द्या, खऱ्या मापाची प्रिंट काढा आणि कोरण्याआधी पुन्हा वाचून घ्या. आपली मराठीही तपासा: हिंदीत 'शांति', मराठीत 'शांती'. 'शांतिस्तंभ' या सामासिक शब्दात मात्र ती ऱ्हस्वच.

जपानी ओळ वरून खाली सहज उतरते. देवनागरी तशी एकाखाली एक अक्षर लिहू नका, शिरोरेषा तुटते. अख्खी ओळ उजवीकडे वळवून उभी करा, म्हणजे सुरुवात वर येते. उर्दू उजवीकडून चालते, त्यामुळे ती डावीकडे वळवली तरच वरून सुरू होते. हे हमखास विसरले जाते.

खांबाला वाळलेले सागवान, ४ × ४ इंच, ८ फूट. ओले लाकूड पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. माथा उतरता करा, पाणी थांबू नये. अक्षरांसाठी कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची ३ इंच रुंद पट्टी घ्या. चिकटवलेले व्हिनाइल उन्हाने सुटते. स्क्रू स्टेनलेसचे, आणि पट्टीची भोके उभी लांबट ठेवा. तापल्यावर धातू लांबतो; जागा नसेल तर पट्टी मधूनच फुगते.

आता पाया. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाचा खांब कलतो. दीड × दीड फुटाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा, निदान अडीच फूट. तळाला सहा इंच मुरूम धुमसून त्यावर १:२:४ काँक्रीट: एक गोणी सिमेंट, अडीच घनफूट वाळू, पाच घनफूट खडी. पाणी बेतानेच, पातळ केले तर ताकद जाते. पायाचा माथा जमिनीच्या तीन इंच वर येऊ द्या आणि चारी बाजूंना उतार द्या. लाकूड काँक्रीटमध्ये गाडू नका: बुंध्याशी पाणी मुरते, वाळवी लागते. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी यू-पाट (खांब धरणारी यू आकाराची पट्टी) ओल्या काँक्रीटमध्ये ओळंब्यात बसवा आणि सात दिवस पाणी मारा. मग खांब अर्धा इंच अधांतरी ठेवून १२ मिलिमीटरच्या दोन बोल्टांनी आवळा.

जागा पूररेषेबाहेरची निवडा. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. शाळाच पूरपट्ट्यात असेल तर लाकडाऐवजी काळ्या दगडात ओळी कोरून घ्या. महापालिकेच्या बागेत उभारायचा असेल तर खणण्याआधी लेखी परवानगी हवी.

दरवर्षी मृगाआधी बोल्ट आवळा आणि लाकडाला उकळलेल्या जवस तेलाचे दोन हात द्या, मधे एक दिवस वाळू देऊन. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा, मग टाका.