हटके टीम बांधताय? डबल्समधल्या या चुका टाळा

पोकेमॉन व्हिडिओगेमच्या डबल्समध्ये, म्हणजे दोनास दोन लढतीत, कोणी न वापरलेली टीम घेऊन उतरायचं, ही हौस मला चांगली कळते. माझीही तीच हौस आहे. म्हणूनच ओळखीपाळखीतली मुलं मला त्यांच्या टीम पाठवतात आणि विचारतात, "ताई, ही का हरतेय?" आता न उघडताच सांगू शकते इतक्या त्या चुका पाठ झाल्यात. नवखी माणसं चुकणारच, पण प्रत्येकानं त्याच खड्ड्यात पडून वीस-पंचवीस मॅचेस घालवायच्या, हे बघवत नाही.

विचित्र आहे म्हणून टीममध्ये घेणं

ही सगळ्यांत मोठी. हिचं मूळ बऱ्याचदा एकाच गोष्टीत सापडतं. 2014 साली वॉशिंग्टनला झालेली जागतिक स्पर्धा दक्षिण कोरियाच्या से जून पार्कनं जिंकली आणि त्याच्या टीममध्ये पाचिरिसू होता. खारीसारखा दिसणारा, सगळ्या स्टॅट्सची बेरीज जेमतेम 405. तेव्हापासून लोकांनी धडा घेतला तो असा की, आवडता पोकेमॉन घ्या, मन लावून खेळा, जिंकाल.

पाचिरिसू तिथे लाडका म्हणून आलेला नव्हता. शेजारी गायराडॉस होता. वॉटर आणि फ्लाइंग असल्यामुळे विजेचा मार त्याला चौपट लागतो. पाचिरिसू फॉलो मी करून हल्ले स्वतःकडे ओढायचा, आणि त्यातला विजेचा हल्ला असेल तर अंगभूत शक्तीमुळे (अ‍ॅबिलिटी), म्हणजे व्होल्ट अ‍ॅब्सॉर्बमुळे त्याचं उलट आयुष्य भरायचं. हातात सिट्रस बेरी. नझलनं समोरच्याला लकवा, सुपर फँगनं कितीही दणकट गडी असला तरी उरलेलं आयुष्य निम्मं. हेच काम त्या काळी सगळ्यांकडे असलेल्या अमूनगसला दिलं असतं, तर त्याची हल्ले ओढणारी रेज पावडर ग्रास टाइपवर चालत नाही आणि विजेनं त्याचं आयुष्य भरतही नाही. म्हणजे जागा आधी ठरली होती, त्या जागेवर बसणारा गडी नंतर सापडला.

म्हणून टीम बघताना मी एकच प्रश्न विचारते: याच्या जागी नेहमीचा गडी घातला तर नेमकं काय बिघडेल? उत्तर एका वाक्यात आलं तर गडी राहतो. "समोरच्याला माहीत नसेल ना!" असं उत्तर आलं तर जातो. मोठ्या अधिकृत स्पर्धांत 2023 पासून टीमचा कागद उघडा असतो. तुमचा आयटम, अ‍ॅबिलिटी, चारही मूव्ह्ज, टेरा टाइप (मॅचमध्ये एकदा बदलून घेता येणारा टाइप), सगळं समोरच्याला मॅचआधी वाचायला मिळतं. शिवाय सामना तीनपैकी दोनचा. चकवा फक्त पहिल्या मॅचला कामी येत असेल, तर उरलेल्या दोन कशाच्या जोरावर खेळणार?

स्वतःच्याच डावाचा उलटा वार न तपासणं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी सगळ्यांत लाडकी जोडी याच चुकीनं लोक वाया घालवतात. ती जोडी म्हणजे स्लेकिंग आणि वीझिंग.

स्लेकिंगच्या स्टॅट्सची बेरीज 670. अ‍ॅटॅक 160, स्पीड 100. फक्त त्याची अ‍ॅबिलिटी ट्रुअंट, म्हणजे एक टर्न मारणार आणि पुढचा टर्न लोळणार. वीझिंग मैदानात असेपर्यंत त्याचा न्यूट्रलायझिंग गॅस सगळ्यांच्या अ‍ॅबिलिटी बंद ठेवतो, ट्रुअंटसुद्धा. मग हा आळशी प्राणी दर टर्नला उठून मारतो. समोर इन्सिनरोर उतरला तरी त्याचं इंटिमिडेट (समोरच्यांचा अ‍ॅटॅक घटवणारी अ‍ॅबिलिटी) लागत नाही. फ्लटर मेनची बूस्टर एनर्जी, म्हणजे स्टॅट वाढवणारा आयटम, पेटत नाही. कागदावर स्वप्नवत.

नाशिकचा एक मुलगा ही टीम शिकत होता. अकरावीतला, हुशार, पण हाताला घाई. शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर तो खेळत होता आणि मी फोनवर ऐकत होते. टेलविंड (आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट करणारी मूव्ह) चालू, स्लेकिंग आणि वीझिंग मैदानात, समोर इन्सिनरोर आणि गोल्डेंगो. आदल्या टर्नला गोल्डेंगोच्या मेक इट रेननं वीझिंगचं आयुष्य निम्म्यावर आलं होतं.

"ताई, दोघंही ग्राउंडला कच्चे आहेत! अर्थक्वेक मारतो."

"थांब, वीझिंग..."

"अगं, वीझिंग तरंगतो!"

आणि त्यानं बटण दाबलं. अर्थक्वेक शेजारच्या आपल्या गड्यालाही लागतो. आता नीट बघा काय झालं. तरंगणं ही लेव्हिटेटची कमाल, आणि लेव्हिटेट ही अ‍ॅबिलिटी आहे. वीझिंगला लेव्हिटेट आणि गॅस दोन्ही एकदम मिळत नाहीत. गॅसवाला वीझिंग चित्रात कितीही हवेत दिसो, खेळाच्या हिशेबात तो जमिनीवरच उभा असतो, वर पॉयझन टाइप, म्हणजे ग्राउंडचा मार दुप्पट. पूर्ण अ‍ॅटॅक वाढवलेल्या स्लेकिंगचा अर्थक्वेक 172 आयुष्याच्या वीझिंगचं निम्म्याहून जास्त खातो. इथे निम्मंच उरलेलं. वीझिंग आडवा.

समोरचे दोघं मात्र उभे राहिले. एकापेक्षा जास्त लक्ष्यांवर जाणारा हल्ला प्रत्येकाला 75 टक्केच लागतो, हे त्यानं धरलंच नव्हतं. दोघांचं जवळपास तृतीयांश आयुष्य शिल्लक. आणि गॅस हटताच, इतका वेळ दाबून ठेवलेलं इन्सिनरोरचं इंटिमिडेट त्याच क्षणी लागलं. स्लेकिंगचा अ‍ॅटॅक एक पायरी खाली, ट्रुअंट परत अंगात. पुढच्या दोन टर्नांत त्याला एकदाच हात उचलता आला. जिंकत आलेली मॅच एका बटणानं गेली. फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मला वाईट वाटलं, कारण त्याआधीचे चार टर्न तो सुंदर खेळला होता.

माझी सवय सांगते. अर्थक्वेक निवडायच्या आधी मी वीझिंगचं प्रोटेक्ट निवडते. आधी ढाल, मग भूकंप, याच क्रमानं. वीझिंगला त्या टर्नला दुसरं काही करायचं असेल तर अर्थक्वेक नाही. हा क्रम बोटांना लागला की डोक्याला वेगळं आठवावं लागत नाही.

याच गॅसचा दुसरा फटका आपल्याच बाकीच्या गड्यांना बसतो आणि तो टीम बांधतानाच दिसायला हवा. लोक टेलविंडसाठी टॉर्नेडस घेतात, प्रँकस्टरमुळे तो सगळ्यांआधी टेलविंड लावतो म्हणून. वीझिंगशेजारी उतरवला की प्रँकस्टर बंद, मग त्याचा बेस स्पीड 111 एवढाच काय तो आधार. ऊन पाडायला टॉरकोल घेतात आणि गॅसमध्ये उतरवतात. ऊन पडतच नाही. मी टॅलनफ्लेम घेते. टेलविंड आधी लावू देणारी गेल विंग्ज ही अ‍ॅबिलिटी गेली तरी त्याचा बेस स्पीड 126 आहे, टेलविंड वेळेत लागतं. टीममधल्या प्रत्येक गड्याची अ‍ॅबिलिटी कागदावर खोडून टाका आणि मग तो काय कामाचा उरतो ते बघा. माझ्या जुन्या वहीत अशी खोडलेली पानं भरपूर आहेत.

समोरच्या कागदावर अ‍ॅबिलिटी शील्ड हा आयटम दिसला तर तो गडी गॅसला जुमानत नाही. हे मॅच सुरू व्हायच्या आधी वाचायचं असतं.

प्रोटेक्ट काढून चौथा हल्ला घालणं

करू नका. डबल्समध्ये दोघं मिळून एकाला मारतात, आणि प्रोटेक्टनं त्या दोघांचा टर्न फुकट जातो. तेवढ्यात तुमचा दुसरा गडी आपलं काम उरकतो. स्लेकिंगला तर हवंच हवं.

टर्न चुकीचे मोजणं

टेलविंड चार टर्न, ट्रिक रूम (हळू गड्यांना आधी खेळवणारी मूव्ह) पाच टर्न, आणि दोन्हींत लावलेला टर्न धरूनच. म्हणजे टेलविंडचे हातात खरे तीन उरतात. मी चिठ्ठीवर रेघा मारते.

दर मॅचला तोच डाव उतरवणं

सहातले चार निवडायचे असतात, ते काही उगीच नाही. हटके टीमवाले प्रत्येक मॅचला आपली जादूची जोडी काढतात, समोर काय आहे ते न बघता. स्लेकिंगचे नॉर्मल हल्ले घोस्ट टाइपला लागतच नाहीत. समोर दोन घोस्ट आणि एक फायटिंगवाला दिसत असताना स्लेकिंग उतरवणं म्हणजे हट्ट आहे. माझ्या टीममधले उरलेले चार, म्हणजे टॅलनफ्लेम, अमूनगस, गोल्डेंगो आणि रॅपिड स्ट्राइक उर्शिफू, हे जोडीशिवाय स्वतंत्रपणे मॅच जिंकू शकतात म्हणूनच तिथे आहेत. समोरच्याला स्लेकिंगची धास्ती असते. तो त्याच तयारीनं चार निवडतो, आणि स्लेकिंग बाहेरच बसलेला असतो. हटके जोडीचा हा फायदा मला सगळ्यांत जास्त मिळालाय.

अंदाजे स्पीडवर भरवसा

"फास्ट आहे" हे उत्तर नव्हे, आकडा सांगा. लेव्हल 50 ला स्पीड पूर्ण वाढवलेला जॉली स्लेकिंग 167 वर जातो, अ‍ॅडमंट 152 वर. टायमिड फ्लटर मेन 205. (जॉली, टायमिड हे स्पीड वाढवणारे स्वभाव, अ‍ॅडमंट अ‍ॅटॅक वाढवणारा.) टेलविंडमध्ये अ‍ॅडमंटवालाही 304 होतो, मग जॉली कशाला? अ‍ॅटॅक घ्या. असे दहा-बारा आकडे पाठ असले की टीम बांधण्याचं अर्धं काम होतं. कॅल्क्युलेटर फुकट आहे आणि दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवून लोक नेमकं काय मिळवतात, ते मला अजून समजलेलं नाही.

दोन गड्यांना एकच आयटम

नियमात बसत नाही. चालू रेग्युलेशनमध्ये तुमचे सहाही गडी चालतात का, तेही आधी बघा, नंतर नको.

तीन मॅचेस हरल्या की टीम बदलणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त लागते. सोमवारी टीम बांधली, मंगळवारी तीन हरले, बुधवारी दोन गडी बदलले, गुरुवारी दुसऱ्या कोणाची टीम उचलून आणली. चौथ्या दिवशी हातात काय? ना टीम, ना अनुभव. नेहमीची टीम उचलली तर निदान हजारो लोकांनी तिच्या खाचाखोचा शोधून ठेवलेल्या असतात. हटके टीमचे डाव तुमच्याआधी फारसे कोणी खेळलेलेच नसतात. ते तुम्हालाच हरून हरून शोधावे लागतात, आणि त्याला आडवाट नाही.

मी वीस मॅचेस होईपर्यंत एकही गडी बदलत नाही. प्रत्येक हारीनंतर वहीत एक ओळ: कुठल्या टर्नला हातातून गेली आणि त्या टर्नला दुसरं काय करता आलं असतं. "नशीब खराब" असं लिहायला बंदी. वीस ओळी झाल्या की वाचायच्या. त्यातल्या बारा ओळींत चूक माझी असेल तर टीमला हात लावत नाही, स्वतःचा खेळ सुधारते. एकाच गड्याचं नाव सात-आठदा आलं तर तो गडी बदलते, एकच, आणि पुन्हा वीस.

नाशिकच्या मुलालाही मी तेच करायला लावलं. त्याच्या पहिल्या वीस ओळींत वीझिंग सहा वेळा आला, त्यातल्या दोन ओळी अर्थक्वेकच्या. पुढच्या वीसमध्ये अर्थक्वेक एकदाही नाही, पण समोरचा उर्शिफू पाचदा. त्यानं विचारलं, स्लेकिंगला टेरा घोस्ट देऊ का? रॅपिड स्ट्राइकसमोर दे, क्लोज कॉम्बॅट लागणारच नाही, हे मी सांगितलं. सिंगल स्ट्राइकवाला मात्र डार्क टाइप आहे, त्याचा विकेड ब्लो घोस्टला दुप्पट लागतो. तो कागदावर दिसला की स्लेकिंग बाहेर आणि अमूनगस आत. ही ओळ त्यानं वहीच्या पहिल्या पानावर, लाल पेननं लिहिली आहे.