ट्यूबलेस टायरची सायकल काही महिने ठेवून देताना

पुण्यात पावसाळा लागला की अनेक सायकली पार्किंगच्या कोपऱ्यात जातात. ट्यूब असलेल्या टायरमधील हवा गेली तर पंप मारून ती पुन्हा भरता येते. ट्यूबलेस टायरचे तसे नाही. हवा पूर्ण उतरली की टायरचा काठ रिमवरून सुटू शकतो, आतील सीलंट, म्हणजे छिद्रे बुजवणारा द्रव, त्या फटीतून झिरपून काठावरच वाळते आणि पुढे हातपंपाने टायर बसता बसत नाही. म्हणून सीलंट वाळण्याची काळजी दुय्यम मानावी व हवा टिकवण्याकडे आधी लक्ष द्यावे.

सायकल दोन-तीन महिनेच ठेवायची असेल, तर सीलंट काढण्याची गरज नाही. चाके जमिनीपासून उचललेली राहतील अशा रीतीने सायकल स्टँडवर किंवा भिंतीवरील हुकावर ठेवावी. नेहमीच्या दाबाच्या निम्म्याहून थोडी अधिक हवा पुरते, मात्र दर पंधरवड्याला ती तपासून भरावी. त्याच वेळी चाके सावकाश फिरवावीत, म्हणजे तळाशी साचलेले सीलंट सर्वत्र पसरते आणि एकाच जागी त्याचा गोळा होत नाही. चाक थांबवताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूस ठेवावा; तो तळाशी राहिला, तर कोअरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतील काढता येणाऱ्या भागात, सीलंट शिरून घट्ट होते.

जागा निवडताना पश्चिमेकडील बाल्कनी टाळावी. बहुतेक सीलंट पाण्यात मिसळलेल्या लॅटेक्सचे असते आणि त्यातील पाणी हळूहळू उडून जाते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हा वेग बराच वाढतो. पावसाळ्यात तो मंदावतो. सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीजवळही सायकल ठेवू नये, कारण विजेच्या ठिणग्यांतून निर्माण होणाऱ्या ओझोनमुळे रबराला भेगा पडतात. दुचाकींमधून ठिबकणारे पेट्रोल आणि तेल टायरपासून दूर असावे, हे वेगळे सांगायला नको.

सहा महिन्यांहून अधिक काळ, उदाहरणार्थ परदेशी जाताना, सायकल ठेवायची असेल, तर सीलंट काढून टाकणेच इष्ट. हवा सोडून टायरची एक बाजू रिमवरून उतरवावी आणि पातळ सीलंट जुन्या कापडाने टिपून घ्यावे. ते मोरीत ओतू नये, नळीत लॅटेक्स साठून राहते. वाळलेला पापुद्रा अंगठ्याने चोळला की बहुधा निघतो. त्यासाठी पेट्रोल किंवा थिनर वापरल्यास रबर आणि रिमवरील टेप दोन्ही खराब होतात. कोअर काढून कोमट पाण्यात धुऊन ठेवावा.

रिकामा टायर आकारात राहावा म्हणून ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढून आत जुनी ट्यूब घालणे मला सर्वांत सोयीचे वाटते. मात्र त्याआधी टायरची आतील बाजू कापड फिरवून नीट तपासावी. वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी सायकल चालवणाऱ्यांच्या टायरमध्ये बाभळीचे कितीतरी काटे रुतलेले असतात. सीलंट छिद्र बुजवत असल्याने त्यांचा पत्ता लागत नाही आणि ट्यूब घातली की तिला मात्र लगेच पंक्चर होते.

सायकल पुन्हा काढताना, सीलंट आत ठेवले असेल तर चाक कानाजवळ धरून हलवावे. खळखळ ऐकू आली नाही, तर ते वाळले असे समजावे. नवे भरताना बाटली जोराने हलवावी, कारण छिद्र बुजवणारे कण तळाशी बसतात. २९ इंची एमटीबी (माउंटन बाइक) टायरला साधारण १०० मिलिलिटर, तर २८ मिमीच्या रोड टायरला ३० ते ४० मिलिलिटर पुरते. काठाला साबणाचे पाणी लावून, कोअर काढून एकदम जोराने हवा आत भरली की टायर सहसा ‘टक्’ आवाज करून बसतो. पेट्रोल पंपावरील नळी सायकलच्या बारीक, लांबट प्रेस्टा व्हॉल्व्हला अ‍ॅडॉप्टरशिवाय लागत नाही, आणि तिथे हवा फार वेगाने भरली जाते. हूकलेस रिमची, म्हणजे टायरचा काठ अडकवणारी आतली वळलेली कडा नसलेल्या रिमची, ७२.५ पीएसआयची कमाल मर्यादा ओलांडणे धोक्याचे आहे, टायरवर त्याहून कमी आकडा छापलेला असल्यास तोच पाळावा. यानंतर चाक फिरवून दोन्ही बाजूंवर थोडा थोडा वेळ आडवे ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी दाब मोजूनच सायकल सिंहगडाच्या वाटेला काढावी.