बावीस पिकोफॅरडची सवय: क्रिस्टलचे कपॅसिटर निवडताना या चुका टाळा

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांना मी ठिबकचा टायमर करून दिला होता. नाशिकला माझ्या टेबलावर तो पंधरा दिवस बिनबोभाट चालला. बागेत बसवून महिना झाला आणि फोन आला: "भाऊ, घड्याळ मागं पडतंय तुमचं. व्हॉल्व्ह साडेतीन मिनिटं उशिरा सुटतोय."

साडेतीन मिनिटांनी द्राक्षाचं काही बिघडत नाही. पण महिन्याला साडेतीन मिनिटं म्हणजे दिवसाला सात सेकंद, म्हणजे जवळपास ८१ पीपीएम (दहा लाखांत ८१). घड्याळाला ठोके देणारा क्रिस्टल २० पीपीएमचा होता. एवढी तफावत क्रिस्टलच्या माथी मारता येत नाही; घोळ मी घातला होता.

बोर्डवर एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप (पुढे नुसतं एफ१०३) आणि ३२.७६८ किलोहर्ट्झचा, ७ पिकोफॅरड (कपॅसिटी मोजायचं एकक) लोडचा क्रिस्टल. त्याच्या दोन्ही पायांना मी २२-२२ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावले होते. का? आर्डुइनो उनो बोर्डवरच्या १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला तेच असतात, डब्यात तेच पडलेले असतात आणि हात आपोआप तिकडेच जातो. आपल्याकडच्या बऱ्याच बोर्डांवर २२ पिकोफॅरड असाच येऊन बसलेला असतो.

डेटाशीटमधला आकडा कपॅसिटरचा नाही

क्रिस्टलच्या डेटाशीटमधलं (कंपनीच्या माहितीपत्रकातलं) ७ पिकोफॅरड लोड म्हणजे क्रिस्टलला दोन्ही पायांमधून मिळून दिसायला हवी ती कपॅसिटी. क्रिस्टलच्या नजरेतून दोन्ही कपॅसिटर सिरीजमध्ये असतात, त्यामुळे २२ आणि २२ चे होतात ११. त्यात ट्रॅक, पॅड आणि चिपच्या पिनांची स्ट्रे, म्हणजे न लावता आपोआप येणारी, कपॅसिटी मिळवायची. ती बहुतेक बोर्डांवर २ ते ५ पिकोफॅरड असते. ३ धरली तर झाले १४. हवे होते ७, दिले दुप्पट. लोड वाढला की क्रिस्टल हळू चालतो.

हिशेब उलटा करायचा: लोडमधून स्ट्रे वजा करा आणि उत्तराची दुप्पट करा. ७ वजा ३ म्हणजे ४, दुप्पट ८. बाजारात मिळणारा जवळचा आकडा ८.२. काहीजण थेट ७ चेच दोन लावतात, काहीजण स्ट्रे विसरून १४ चे. दोन्ही चूक. आणि क्रिस्टल कितीच्या लोडचा आहे हे न विचारता घेतला असेल, तर हा हिशेब सुरूच होत नाही. घड्याळाचे क्रिस्टल ६, ७, ९ आणि १२.५ अशा लोडचे येतात आणि दिसायला सारखेच असतात. एफ१०३ च्या डेटाशीटमध्ये तर १२.५ चा क्रिस्टल वापरूच नका, असं स्पष्ट लिहिलंय.

टेबलावर चालतं, दवात बंद पडतं

मी कपॅसिटर बदलायला जाणार होतो, तेवढ्यात डिसेंबर आला आणि दुसरा फोन. निफाडची थंडी माहीतच आहे. पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. अशा पहाटे स्क्रीनवर घड्याळ ५:१२ ला अडकलेलं, आणि नऊच्या सुमारास ऊन लागलं की पुन्हा चालू.

हीसुद्धा त्याच २२ ची करामत. लोड दुप्पट झाला की ऑसिलेटरची (क्रिस्टलला झुलवणाऱ्या सर्किटची) झुलत राहण्याची ताकद साधारण चौथाईवर येते. कोरड्या खोलीत चौथाईवरही भागतं. पण मी बोर्डवरचा फ्लक्स (सोल्डरिंगनंतर उरणारा चिकट थर) पुसलाच नव्हता. त्यावर दव बसलं की क्रिस्टलच्या दोन पायांमध्ये गळती सुरू होते, आणि या ऑसिलेटरचा करंट इतका नाजूक की तेवढीही त्याला झेपत नाही. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने क्रिस्टलभोवतीची जागा घासून काढा, वाळू द्या, मगच ओल रोखणारं कोटिंग मारा. फ्लक्सवर कोटिंग मारलं तर घाण आत कोंडली जाते.

प्रोब लावून मोजणं

क्रिस्टलच्या पिनवर ऑसिलोस्कोपचा प्रोब टेकवू नका. दहापट (१०एक्स) प्रोबचीही स्वतःची १०-१५ पिकोफॅरड कपॅसिटी असते, एकपटची शंभराच्या आसपास. पहिल्याने आकडा चुकतो, दुसऱ्याने बऱ्याचदा घड्याळच थांबतं. एफ१०३ मध्ये पीसी१३ पिनवर आरटीसीचा (चिपमधल्या घड्याळाचा) क्लॉक ६४ ने भागून बाहेर काढता येतो. तिथे बरोबर ५१२ हर्ट्झ दिसायला हवेत. माझ्याकडे २२ चे असताना फ्रिक्वेन्सी काउंटरवर ५११.९६ आले. ब्रेडबोर्डवर मात्र हे काही करू नका. त्याच्या पट्ट्याच दोन-चार पिकोफॅरड घालतात.

खरेदी

८.२ मागितलं की दुकानदार "दहा चालतील का?" विचारतो. एफ१०३ मध्ये नकोच. त्याचं कॅलिब्रेशन रजिस्टर (वेग दुरुस्त करायला आकडा भरायची चिपमधली जागा) घड्याळ फक्त हळू करू शकतं, १२१ पीपीएमपर्यंत. मागं पडणारं घड्याळ ते पुढं ढकलू शकत नाही. म्हणून दोन आकड्यांत अडलात तर लहान घ्या. माल एनपीओ जातीचाच, एक्स७आर नको. एक्स७आरची कपॅसिटी तापमानाबरोबर हलते. डिस्क सिरॅमिकवर २२० छापलं असेल तर तो २२ पिकोफॅरड आणि २२१ म्हणजे २२०, हे एकदा गफलत झाल्यावर कायमचं लक्षात राहतं. एसएमडीवर (बोर्डवर चपट्या बसणाऱ्या चिमुकल्या कपॅसिटरवर) तर काहीच छापलेलं नसतं. पट्टीतून सांडलेला सरळ टाकून द्या.

एक गोष्ट कपॅसिटरने सुटत नाही. घड्याळाचा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास बरोबर चालतो, थंडीत आणि उन्हात दोन्हीकडे मागं पडतो. ५ अंशांना साधारण १४ पीपीएम, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंद. तेवढंही नको असेल तर डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावा. त्यात क्रिस्टल आणि तापमानाची दुरुस्ती आतच असते.

निफाडच्या बोर्डवर मी ८.२ चे दोन बसवले आणि आयपीएने धुऊन काढलं. काउंटरवर ५१२.००५ आले. म्हणजे स्ट्रे ३ नाही, अडीचच्या आसपास होती आणि घड्याळ आता १० पीपीएम पुढं पळत होतं. रजिस्टरची एक पायरी ०.९५ पीपीएमची, त्यात १० भरले आणि डबा पुन्हा बागेतल्या खांबावर चढवला.