जांभळ्या ड्रेकसाठी सणांचं वर्ष कसं आखावं

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात २००८ साली अचीव्हमेंट (ठरावीक कामं पुरी केल्याची नोंद) आल्या, तेव्हापासून व्हायोलेट प्रोटो-ड्रेक, म्हणजे स्वार होऊन उडवायचा जांभळा ड्रॅगन, हे सणवेड्या खेळाडूचं खरं मानचिन्ह आहे. तो पैशानं विकत मिळत नाही. त्यासाठी खेळातल्या आठ सणांच्या मुख्य अचीव्हमेंट पुऱ्या कराव्या लागतात: लुनर फेस्टिव्हल, लव्ह इज इन द एअर, नोबलगार्डन, चिल्ड्रन्स वीक, मिडसमर, ब्रूफेस्ट, हॅलोज एंड आणि विंटर व्हेल. पिलग्रिम्स बाउंटी यात धरलेला नाही, तेव्हा वेळ कमी असेल तर तो खुशाल सोडा. सुरुवात कुठल्याही सणापासून करता येते. पण एखाद्या सणातलं एक काम जरी राहिलं, तरी त्या सणासाठी पुन्हा वर्षभर थांबावं लागतं.

पहिलं काम घड्याळाचं. मिनिमॅपजवळचं (पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाजवळचं) कॅलेंडर उघडा. त्यातल्या तारखा सर्व्हरच्या वेळेनुसार असतात. ऑक्टोबरात अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेचा सर्व्हर भारतापेक्षा साडेबारा तास मागे असतो, मध्य युरोपचा साडेतीन तास. शेवटच्या दिवसावर भिस्त ठेवणाऱ्यांची गडबड इथेच होते. हॅलोज एंड १८ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर असतो आणि दिवाळी बऱ्याचदा याच पंधरवड्यात येते. घरी फराळ आणि पाहुणे असताना निवांत खेळणं जमत नाही, म्हणून लांबलचक फिरतीचं काम पहिल्या तीन-चार दिवसांतच उरका.

ही फिरती म्हणजे कँडी बकेट. आपल्या गटाच्या (अलायन्स किंवा होर्ड) आणि तटस्थ गावांतल्या इनमध्ये, म्हणजे सरायांत, एकेक बादली ठेवलेली असते. तिच्यावर क्लिक केलं की खाऊची पुडी मिळते आणि त्या इनची नोंद होते. सगळी फिरती एकाच पात्रावर करा आणि एक खंड पुरता संपवूनच दुसऱ्याकडे वळा. अर्धवट सोडलेल्या खंडात राहिलेली एक बादली शोधण्यातच संध्याकाळ जाते. प्रत्येक खंडाची अचीव्हमेंट उघडून ठेवा, तिथल्या यादीत अजून करड्या दिसणाऱ्या नावांकडेच जायचं असतं.

नकाशानुसार इन आहे, पण तिथे गेल्यावर नुसते अवशेष दिसतात, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. कथानक पुढे सरकलं तसा काही प्रदेशांचा काळ बदलला. टिरिसफालमधलं अंडरसिटी, टेल्ड्रासिल, सिलिथस, ब्लास्टेड लँड्स ही त्यातली नेहमी अडवणारी ठिकाणं. अशा प्रदेशात झिडोर्मी नावाची एनपीसी (खेळानंच चालवलेलं पात्र) उभी असते. तिच्याशी बोलून जुना काळ निवडा, म्हणजे बादली दिसेल. टेल्ड्रासिलसाठी ती डार्कशोअरमध्ये भेटते. हीच युक्ती लुनर फेस्टिव्हलच्या एल्डरांना (भेटायच्या वडीलधाऱ्या पात्रांना) आणि मिडसमरच्या होळ्यांना लागू पडते, म्हणून ती एकदा नीट लक्षात ठेवावी.

हॅलोज एंडची उरलेली कामं माणसांवर अवलंबून असतात. 'द मास्करेड' या अचीव्हमेंटसाठी वेगवेगळ्या हॅलोड वाँडनी (जादूच्या कांड्यांनी) तुमचं रूप बदलावं लागतं: वटवाघूळ, भूत, लेपर नोम, निंजा, पायरेट, सांगाडा आणि विस्प. आपली वाँड आपल्यावर चालत नाही, ती पार्टीतल्या (एकत्र खेळणाऱ्या छोट्या तुकडीतल्या) दुसऱ्यावरच चालते. त्यामुळे राजधानीत चॅटवर हाक द्यायची, अनोळखी चार जणांची पार्टी करायची आणि एकमेकांवर वाँड फिरवायच्या, अशी पद्धतच पडून गेली आहे. आपलं काम झालं म्हणून लगेच पार्टी सोडू नका. ज्यानं तुमच्यावर वाँड वापरली, त्याचीही यादी पुरी होईपर्यंत थांबायचं असतं. 'चेक युवर हेड'मध्ये दहा वंशांच्या खेळाडूंवर भोपळा टाकायचा असतो. विरुद्ध गटाचे पाच वंश शोधायला डालारानसारखं तटस्थ शहर बरं.

हेडलेस हॉर्समन या सणातल्या मोठ्या शत्रूसाठी ग्रुप फाइंडरमधून (खेळाडू जुळवून देणाऱ्या सोयीतून) क्यू लावा. त्याला हरवल्यावरचा बक्षिसांचा भोपळा एका पात्राला दिवसातून एकदाच मिळतो. आतला उडता घोडा फार दुर्मीळ आहे. तो ड्रेकसाठी लागत नाही, तेव्हा त्याच्यापायी बादल्या मागे पडू देऊ नका.

विंटर व्हेल १६ डिसेंबर ते २ जानेवारी. इथे 'लेट इट स्नो'साठी हिमकणांची मूठ ठरावीक वंश आणि क्लास (पात्राचा पेशा) जुळलेल्या दहा जणांवर उधळायची असते: ऑर्क डेथ नाइट, ह्यूमन वॉरियर, टॉरेन शमन, नाइट एल्फ ड्रुइड, अनडेड रोग, ट्रोल हंटर, नोम मेज, ड्वार्फ पॅलाडिन, ब्लड एल्फ वॉरलॉक, ड्रॅनाय प्रीस्ट. शहरातल्या विंटर रेव्हेलर या एनपीसीला /kiss ही आज्ञा दिली की हिमकण, मिसलटो किंवा होली यांपैकी काहीतरी मिळतं, पण पुन्हा मिळायला मध्ये वेळ जावा लागतो. म्हणून लॉग इन झाल्यावर आधी तिथेच जा. आपल्या गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या संघात) ड्वार्फ पॅलाडिन किंवा टॉरेन शमन असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा.

अडतं ते ओग्रिला या ठिकाणचं काम. 'बॉम्ब देम अगेन' ही रोजची क्वेस्ट (खेळानं दिलेली कामगिरी) रेनडिअर झालेल्या उडत्या माउंटवरून (स्वारीच्या प्राण्यावरून) पुरी करायची असते आणि माउंटला रेनडिअर करतं होली. ब्लेड्स एज माउंटन्समधल्या आधीच्या क्वेस्ट झालेल्या नसतील तर ही क्वेस्ट दिसतच नाही, म्हणून नोव्हेंबरातच तिथे जाऊन खात्री करा. खाली उतरलात किंवा तोफांनी पाडलं तर रेनडिअर जातो, त्यासाठी जवळ जास्तीची होली ठेवा. आयर्नफोर्ज आणि ऑर्ग्रिमारमधल्या झाडाखालच्या भेटी २५ डिसेंबरपासून उघडतात, त्याआधी तिथे घिरट्या घालून काही हाती लागत नाही.

लुनर फेस्टिव्हलमध्ये दमवतात ते डंजनच्या (शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त जागांच्या) आत बसलेले एल्डर. वरच्या लेव्हलच्या पात्राला एकट्यानं आत शिरून ते गाठता येतात. मूनग्लेडच्या तळ्यात ओमेन हा राक्षस पडला की तिथे चंद्रप्रकाशाचा झोत येतो. त्या झोतात उभं राहायचं, नुसतं लूट उचलून पळायचं नाही.

नोबलगार्डनमध्ये गोल्डशायर, रेझर हिल अशा सुरुवातीच्या गावांत रंगीत अंड्यांसाठी झुंबड उडते. एका अंड्याच्या जागेवर आधीच कोणी उभं असेल तर ती जागा त्याचीच मानतात, आपण पुढचं झुडूप धरावं. आणि कुठल्याही सणात मॅमथसारखं अवाढव्य माउंट बादलीवर, टपालपेटीवर किंवा क्वेस्ट देणाऱ्यावर उभं करू नका. मागच्यांना क्लिक करता येत नाही, आणि त्यांच्यात एखादा नुकताच खेळायला आलेला, पहिलाच सण पाहणारा असतो.