थिबा राजवाडा बघायला येताय? आमच्या पाहुण्यांच्या या चुका टाळा

फाल्गुन लागला की आमच्या रत्नागिरीच्या घरी पाहुण्यांचा राबता सुरू होतो. शिमग्याची पालखी, आंब्याची पहिली पेटी, आणि मग ठरलेलं वाक्य, "जाता जाता थिबा पॅलेस उरकून टाकू." सगळं बिघडतं ते या 'जाता जाता'पायी.

सोमवारचंच घ्या. शनिवार-रविवार गणपतीपुळे, आरे-वारे, मासे आणि परतीच्या सोमवारी राजवाडा, असा बेत हटकून असतो. राजवाड्यात सरकारी वस्तुसंग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. गेल्या वर्षी मामेभाऊ बॅगा गाडीत भरून सहकुटुंब फाटकापाशी पोचला आणि तिथून मला फोन, "अरे, कुलूप आहे!" असणारच की. तुमचंही असं झालं तर थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि समुद्र बघा, नाहीतर रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळात जा. मुक्काम वाढवता आला तर उत्तमच. धुळवडीसारख्या सुट्टीच्या दिवशी येणार असाल तर आधी चौकशी करा.

दुसरी चूक, "ऊन उतरल्यावर जाऊ." सरकारी कारभार आहे, संध्याकाळी पाचला पोचून उपयोग नाही. चैत्रातलं ऊन एक वेळ परवडलं, पण दमट हवेने कपडे अंगाला चिकटतात आणि पोरं किरकिरायला लागतात. सकाळी दार उघडतं तेव्हाच हजर राहा.

पण मला खरी चीड येते ती तिसऱ्या चुकीची. लोक आत शिरतात, दालनांतून भराभरा फिरतात आणि वीस मिनिटांत बाहेर. "राजाचं सिंहासन कुठाय? दागिने?" अहो, हा थिबा राजा इथे नजरकैदेत होता! 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला आधी मद्रासला नेलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा पुरा झाला 1910 मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढल्यावर त्याला हे घर मिळालं आणि त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. 1916 मध्ये इथेच वारला. आधीच्या पिढीत इंग्रजांनी दिल्लीच्या बादशहाला ब्रह्मदेशात रंगूनला धाडलं होतं, आता तिकडच्या राजाला आमच्याकडे. कैदी कसे लांब ठेवायचे, हे त्यांना बरोबर ठाऊक.

म्हणून इथे बघायचं ते घरच. उतरती छपरं, पहिल्या मजल्यावरचा संगमरवरी फरशीचा दिवाणखाना, मागच्या बाजूची बुद्धमूर्ती. आणि खिडक्या! त्यांच्यावरच्या अर्धगोल लाकडी कोरीवकामापाशी पाच मिनिटं नुसते उभे राहा, मोबाइल खिशात ठेवून. नंतर बाहेर समुद्राकडे बघा. ज्या समुद्रावरून त्याला आणलं, तोच त्याला रोज दिसत असणार. एखादा भाग डागडुजीसाठी बंद असतो, तेव्हा काय काय उघडं आहे ते तिकीट काढतानाच विचारा, म्हणजे जिने चढून हिरमोड व्हायचा नाही.

आणखी एक राहून जातं, ती थिबाची समाधी. ती वाड्याच्या आवारात नाही, शिवाजीनगर भागात आहे. रिक्षावाल्याला नुसतं "थिबा" म्हणालात तर तो राजवाड्यावरच सोडेल. "थिबाची समाधी" असं स्पष्ट सांगा. थिबाच्या थोरल्या मुलीने त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या गोपाळ सावंताशी सूत जमवलं. त्यांची मुलगी टुटू रत्नागिरीतच संसार करून इथेच म्हातारी झाली. हे ठाऊक असलं की समाधीपाशी पाय आपोआप रेंगाळतात.

आणि हो, हापूसची पेटी आधी घेऊन उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. मामेभावाने तेही केलं होतं. पुण्याला पोचेपर्यंत वरचा थर मऊ पडला होता. आधी राजवाडा, मग आंबे.