वनगुन्ह्याचा तपास: या चुका टाळा

खाकी अंगावर आहे म्हणून वनखात्याचा माणूस पोलिस होत नाही. वन्यजीवाच्या गुन्ह्यात त्याचे तपासाचे अधिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातल्या कलम 50 मधून येतात, आणि तेही पद बघून.

सगळ्यात महाग पडते ती जबाबाची चूक. बिबट्याचं कातडं पकडलं, उत्साहात वनपालानेच रातोरात नाक्यावर चार साक्षीदारांचे जबाब उतरवले, फोटो काढले, सगळे खूष. पुढे कोर्टात बचावाचा वकील तीनच प्रश्न विचारतो. तुमचं पद काय? शासनाने तुम्हाला प्राधिकृत केल्याचा कागद कुठे? जबाब घेताना आरोपी समोर होता का? 50(8) खाली साक्षीपुरावा नोंदवणारा राज्याचा अधिकारी सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरचा लागतो, आणि शासनाने त्याला प्राधिकृत केलेलं लागतं. 50(9) प्रमाणे तो पुरावा खटल्यात चालायचा तर आरोपीच्या समक्ष घेतलेला हवा. 'आरोपी शेजारच्या खोलीत होता' हे उत्तर पुरत नाही. म्हणून प्राधिकृत केल्याच्या अधिसूचनेची प्रत फाइलच्या पहिल्या पानालाच लावावी आणि प्रत्येक जबाबाखाली 'आरोपी समक्ष' लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. सही नाकारली तर तसंच लिहावं. साहेब उद्या येणार असतील तर जबाबही उद्याच घ्यावेत.

कबुलीचंही तेच. पोलिसापुढची कबुली पुराव्यात चालत नाही. वन अधिकाऱ्यापुढची तशी आपोआप बाद होत नाही, एवढ्या आधारावर काही जण कबुलीवरच अख्खी केस उभी करतात. ती स्वेच्छेने दिली का, हा प्रश्न उरतोच. हातावर वळ असतील तर उत्तर कोर्टाला आधीच मिळालेलं असतं.

दुसरी खोड 24 तासांची, म्हणजे अटकेनंतर तेवढ्या वेळात कोर्टापुढे हजर करण्याच्या मुदतीची. शुक्रवारी संध्याकाळी 'चौकशीला' आणायचं आणि अटक रविवारी सकाळची दाखवायची. माणसाला जाऊ देणं थांबवलं तिथून घड्याळ सुरू होतं. गाडीचं लॉगबुक आणि मोबाइलचं लोकेशन खोटं बोलत नाहीत. अटकेची कारणंही लेखी द्यावीत, त्याला कळेल अशा भाषेत. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्याच्या हातात 'कलम 9, 39, 51' एवढीच चिठ्ठी ठेवणं म्हणजे काहीच न देणं.

बाकीचं थोडक्यात. मुद्देमाल जागेवरच सील करा, नमुना सील पंचनाम्यावर उमटवा. डेहराडून किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत तपासणीचा नमुना पाठवताना तोच ठसा पत्रावरही हवा. नेहमीचेच दोन पंच प्रत्येक केसला नकोत. जप्तीचं चित्रीकरण करा. त्या चित्रीकरणासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र 'अ' आणि 'ब' दोन्ही भागांत, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) भरा.

आणि पोलिसांकडे गुन्हा नोंदवून मोकळं होऊ नका. वन्यजीव अधिनियमाच्या कलम 55 खाली कोर्ट दखल घेतं ती प्राधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर. नुसतं दोषारोपपत्र तिथे चालत नाही.