रानातली चमकणारी अळंबी उघड्या डोळ्यांनी कशी बघायची

पावसाळा लागला की गोव्यातल्या म्हादई नाहीतर मोलेच्या रानातले हिरव्यागार चमकणाऱ्या अळंब्यांचे फोटो फिरायला लागतात, आणि ते बघून हौसेने गेलेले बरेच जण "काय दिसलंच नाही रे" म्हणत परत येतात. अळंबी असते तिथेच, पण डोळे तयार नसतात.

म्हणून आधी घरी एकदा करून बघा. रात्री दिवे चालू असताना एक डोळा तळहाताने झाकून वीसेक मिनिटं बसा (दाबू नका हां, नुसता झाका), मग दिवे बंद करा आणि एकेक डोळा आळीपाळीने उघडा. झाकलेल्या डोळ्याला खुर्ची, कपाट, खिडकीचे गज, सगळं दिसतं आणि दुसऱ्याला निव्वळ काळोख! अंधारात बघायचं काम दंडपेशींचं, त्या एका डोळ्यात 12 कोटींच्या आसपास, रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी मात्र 60 लाखच. दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन, म्हणजे उजेड टिपणारं द्रव्य, उजेडात मोडतं आणि परत भरायला 20-30 मिनिटं लागतात, कधी जास्तच. ते बनायला व्हिटॅमिन ए लागतं, म्हणजे आपली तांबडी भाजी, शेवग्याचा पाला वगैरे. काळोखात दिसणं खरंच कमी झालंय असं वाटलं तर मात्र भाजीवर भागवू नका, डोळे तपासून घ्या.

आता रान. अमावस्येच्या आसपासची रात्र धरा, वनखात्याची परवानगी आणि माहितगार माणूस सोबत हवाच, पायात गमबूट, कारण पावसात चापडा (विषारी साप) फांदीवर बसलेला सहज कळत नाही. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावा, दंडपेशींना लाल उजेड फारसा कळत नाही. मोबाईल बॅगेत.

जागेवर पोचलात की सगळ्यांनी टॉर्च बंद करून गप उभं राहायचं. दहा मिनिटांनी वाटतं की झालं, आता याहून जास्त काय दिसणार, कारण शंकूपेशींची मजल तिथे संपते, पण दंडपेशींचा जोर त्यानंतर वाढतो, तेव्हा थांबा. मग कुजलेल्या लाकडाकडे सरळ बघू नका, जरा बाजूला बघा. डोळ्याच्या अगदी मधोमध दंडपेशीच नसतात, त्यामुळे कडेला अंधूक काहीतरी दिसतं आणि नजर वळवली की गायब. भास वाटतोय? त्याच्या आड हात धरा, ठिपका झाकला गेला तर खरा.

रंग हिरवा दिसेल ही आशा सोडा, बहुतेकांना फिकट पांढुरकंच दिसतं. दंडपेशींना रंग कळत नाही, आणि कॅमेरा ट्रायपॉडवर कितीतरी सेकंद उघडा राहून उजेड साठवतो, ते आपल्या डोळ्याला जमत नाही. हा उजेड ल्युसिफेरिन नावाच्या रसायनाची ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन येतो. ही अळंबी मायसीना प्रकारातली, नखाएवढी नाजूक, तोडू नका.

फोटो काढायचाच असेल तर सगळ्यांचं बघून झाल्यावर काढा, कारण एकाची स्क्रीन पेटली की सगळ्यांची वीस मिनिटं परत पहिल्यापासून.